पाव किलोच्या पाकिटामागे 110 रुपये

नागपूरच्या मामेबहिणीनं बिलाचा फोटो पाठवला तो मी दोनदा मोठा करून बघितला. शेंगाचटणी, पाव किलो, 220 रुपये. कुरिअर 60. एकूण 280. ते पाकीट सोलापुरात माझ्याच स्वयंपाकघरात भरलेलं. आणि आमच्या हिशेबाच्या शीटमध्ये त्याच ऑर्डरपुढे 170 लिहिलेले, वर कुरिअरचे 60 आमच्या खर्चात टाकलेले. म्हणजे भावातले 50 आणि कुरिअरचे 60 गायब.

बहिणीला ऑर्डर द्यायला मीच सांगितलं होतं. हेही कबूल करते की तिला तसं सांगायला मला आठ महिने लागले.

ती शीट लिहिणारी माझी भागीदार म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्नानंतर बंगळुरूला गेली. माहेरी आली की माझ्याकडून चटणी न्यायची, तिच्या सोसायटीत लोक मागायला लागले आणि त्यातून हे सुरू झालं. माल माझा, इन्स्टाग्रामचं पेज, वेबसाइट आणि पेमेंट तिचं, नफा निम्मानिम्मा. कागद केला नाही. 'आपल्यात कसला कागद?' हे वाक्य तिचं नाही, माझं आहे.

काम असं चालायचं. दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, लसूण-तिखट-जिरं घालून डंकावर कुटून आणायचं. मिक्सरला लावलं की भुगा होतो, कुटल्यावर तेल सुटतं आणि चटणी बोटाला चिकटते. रात्री पाकिटं भरायची, मैत्रीण पाठवायची ती लेबलं प्रिंट करून चिकटवायची. लेबलावर फक्त पत्ता आणि बारकोड. बिल थेट गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर जायचं. म्हणजे माल कितीला विकला जातोय हे माल करणारीलाच दिसत नव्हतं. वेबसाइट उघडून भाव बघता आला असता, पण ऑर्डरी मेसेजवर घ्यायच्या म्हणून तिथं भावच टाकलेला नव्हता. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

शंका आली 2023 च्या दिवाळीनंतर. एरवी महिन्याला दोनशेच्या आसपास पाकिटं जायची आणि माझ्या वाट्याला चार हजार यायचे. त्या दिवाळीत 430 पाकिटं गेली. मनगट सुजलं होतं. हातात आले 4,300. "अगं, दिवाळीत जाहिराती महाग होतात," ती म्हणाली. शीटमध्ये जाहिरातीपुढे 22,000 होते. आमचे हे म्हणाले, बिल माग की. मी उलट त्यांच्यावरच चिडले. माझी आई आजारी होती तेव्हा ही पोरगी सुट्टी काढून आली होती, दवाखान्यात तीन रात्री बाकड्यावर झोपली होती. तिच्याकडे बिल कोणत्या तोंडानं मागायचं?

जाहिरातीचं खरंखोटं करायला मात्र तिला विचारावं लागत नाही, हे भाच्यानं दाखवलं. फेसबुक-इन्स्टाग्रामची 'ॲड लायब्ररी' सगळ्यांना उघडी असते. पेजचं नाव टाकलं की त्या घडीला चालू असलेल्या जाहिराती दिसतात. मी सहा आठवडे दर एक-दोन दिवसांनी बघत होते. एकदाही काही दिसलं नाही. त्या महिन्याच्या शीटमध्येही जाहिरातीचे सहा हजार होतेच. मग नागपूरला फोन केला.

बिलाचा फोटो पाठवून मी मैत्रिणीला इतकंच लिहिलं, 'हे कसं काय गं?' उत्तर यायला दोन दिवस लागले. 'तू माझ्यामागे लोकांकडून ऑर्डरी काढून बघतेस? इतकी खालच्या पातळीला गेलीस?' आकड्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी शीट उघडेना. मला फक्त बघायची परवानगी होती, तीही काढून घेतलेली. आधीच्या महिन्यांचे फोटो माझ्याकडे होते ते केवळ भाच्याच्या सांगण्यावरून काढलेले.

वकिलांकडे गेले. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा आहे, आणि तोंडी भागीदारीही त्याला चालते. हिशेबाच्या वह्या बघायचा, त्यांची नक्कल घ्यायचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा आणि कामाचा मोबदला कुणालाच नाही. म्हणजे माझी मजुरी मी धरली नव्हती ते ठीकच, पण तिनं शीटमध्ये लावलेली 'डिझाइन फी'सुद्धा तिला धरता येत नव्हती. ऐकून बरं वाटलं, तेवढ्यात त्यांनी कलम 69 सांगितलं. फर्मची नोंदणी नसेल तर भागीदारीतला हक्क मिळवायला भागीदारावर दावा लावता येत नाही. भागीदारी मोडून हिशेब मागता येतो, पण त्यात जाणारा वेळ आणि फी त्यांनीच बोटावर मोजून दाखवली. मी उठले.

जाता जाता त्यांनी विचारलं, "पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर कुणाचा?"

खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी नोंदणीचा तो 14 आकडी नंबर माझा होता. पोटात गोळाच आला. पेज तिच्याकडे, पाकिटाचं डिझाइन तिच्याकडे, उद्या तिनं कुठलीही चटणी त्या पाकिटात भरून विकली आणि कुणाला बाधली तर नोटीस माझ्या दारात येणार. पैशाचं दुःख त्यापुढे फिकं पडलं. त्याच आठवड्यात अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी कळवलं, पोच घेतली, तिला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं की माझा नंबर वापरायचा नाही. तुमच्यापैकी कुणी घरचा माल दुसऱ्याच्या पेजवर विकत असाल तर आज पाकीट उलटं करून तो नंबर कुणाचा आहे ते बघा. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते बघा. आणि महिन्यातून एकदा ओळखीच्या कुणाला तरी गिऱ्हाईक म्हणून पाठवा. मला ते चोरटेपणाचं वाटायचं, आता वाटत नाही.

पेज अजून चालू आहे. पहिल्याच फोटोत डंकाशेजारी चटणीत बुडालेले माझे हात आहेत, डाव्या हातात आईच्या पाटल्या. गेल्या महिन्यात बहिणीनं मला न सांगता पुन्हा एक पाकीट मागवलं. नंबर बदललाय, म्हणाली. चटणी कोरडी आहे, मिक्सरची वाटते.