झिर्कोनियाचे पैसे घेतले, धातूची कॅप बसवली

रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप बसवायला खरं तर दोन खेपा पुरतात. पहिल्या खेपेला दाढ घासून माप घेतात, तात्पुरती कॅप चिकटवतात. लॅबमधून पक्की कॅप साधारण आठवडा-दहा दिवसांत येते. हे मला आता पाठ झालंय. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून ठाण्यातल्या एका दवाखान्याने मला ४७ दिवस झुलवलं.

"चार दिवसांत झिर्कोनियाची कॅप, वॉरंटीसकट," असं सांगून १२,००० रुपये आगाऊ घेतले. झिर्कोनिया म्हणजे धातू नसलेलं, पांढरं, महागातलं सिरॅमिक. रूट कॅनॉलचे ४,५०० आधीच दिले होते. आगाऊ सगळे पैसे कधीही देऊ नका! एकदा दाढ घासली की आपण अडकलो. कधी "लॅबवाला गावी गेलाय", कधी "माप परत घ्यावं लागेल". तात्पुरती कॅप दोनदा निघाली, दोन्ही वेळा चिकटवायचे ३०० घेतले. एकूण १७,१०० रुपये.

बसवायच्या दिवशी कॅप ट्रेमध्ये उलटी पडली होती. आतून चांदीसारखी चकाकत होती. मी पाहिलं. विचारलंसुद्धा, "मॅडम, ही आतून अशी का?"

"कोटिंग आहे काका, आ करा."

आणि मी आ केला. तिथेच उठायला हवं होतं! झिर्कोनिया आतूनबाहेरून पांढरी असते. आत धातू दिसला म्हणजे ती मेटल-सिरॅमिक, म्हणजे धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली, जिचा त्याच दवाखान्यातला दर ४,००० होता. पण दीड महिना एकाच बाजूने चावणारा माणूस आणखी किती थांबणार? मी महागातली मागितली, तिचे पैसे मोजले. माझं काय चुकलं?

पाच महिन्यांनी हिरडीपाशी काळी रेघ दिसली. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, कॅप आतून धातूची आहे. वॉरंटी कार्ड अजून "लॅबकडून येतंय".

पोलीस म्हणाले, दवाखान्याची भांडणं इथे आणू नका. एका कार्यालयात अर्ज दिला, तर आधी तीन प्रती, मग शपथपत्र, मग साहेब रजेवर. चार चकरा, चार अर्ध्या रजा. शेवटी विचारतात, पुरावा काय? पुरावा माझ्या तोंडात सिमेंटने चिकटवलाय, कापल्याशिवाय निघत नाही! बिलावर नुसतं 'दंतोपचार' लिहिलंय. तुम्ही 'झिर्कोनिया' हा शब्द लिहून घ्या, आणि कार्ड हातात आल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी जाणार आहे. त्या ट्रेचा एक फोटो काढला असता तर! मोबाइल खिशातच होता.