पाच वेळा ‘का?’ की माशाचा सांगाडा?

पंपाचं सील वारंवार गळतंय. मूळ कारण शोधायला टोयोटाची ‘पाच का’ पद्धत (प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारत खोल जायचं) घ्यावी, की जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावांची माशाच्या सांगाड्याची आकृती (डोक्याशी समस्या, फांद्यांवर संभाव्य कारणं)?

वेळ: पहिलीला दोन-तीन जाणकार पुरतात. दुसरीत माणूस, यंत्र, पद्धत, साहित्य, मोजमाप, परिसर या फांद्या भरायला वेगवेगळ्या विभागांतली माणसं लागतात.

फसगत: ‘का’ची साखळी एकच धागा धरते. सील गळतं, कारण शाफ्ट (पंपाचा फिरता दांडा) थरथरतो. कारण बेअरिंग झिजलं. कारण कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग) सरळ रेषेत नाही. कारण जोडणीनंतरची तपासणी यादीतच नाही. प्रत्येक दुवा मोजून पाहा, मग ‘म्हणून’ लावत उलट वाचा. ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ इथे थांबलात, तर शोध अर्धवटच. सांगाड्यात उलटं होतं: अंदाजांचा ढीग, पुरावा शून्य. त्यातले दोन-तीनच निवडून तपासा.

बिघाड एकच, क्रम स्पष्ट असेल तर ‘पाच का’. दोष कधी येतो, कधी नाही, अनेक विभाग गुंतलेत, तर आधी सांगाडा आणि निवडलेल्या फांदीवर ‘का’.