ट्रायलचा प्रवासखर्च: सहा फेऱ्यांनंतरचा अनुभव

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात माझी बायको स्तनाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये आहे. उपचार अजून चालू आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. औषध मोफत, ट्रायलच्या जादा तपासण्या मोफत, डॉक्टर-सिस्टर मनापासून करतात. त्याला 5 पैकी 5. प्रवासखर्चाच्या परताव्याला मात्र 2.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत टर्नर. पहाटे पाचला सिडकोतून रिक्षा करून नाशिकरोड, तिथून पंचवटी एक्सप्रेस. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला सेकंड क्लासला 75 टक्के सवलत आहे, त्यामुळे रेल्वे जड जात नाही. जड जातं ते पुढचं. अकराला गोळी दिली की आठ तासांनी पुन्हा रक्त घेतात. संध्याकाळी सातला हिच्या हातावर कापूस दाबून आम्ही बाहेर पडतो, तोवर परतीची पंचवटी दादरवरून गेलेली असते. गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर लॉज. माझा दोन दिवसांचा खाडा, म्हणजे 1,500 रुपये गेले.

संमतीपत्रात चौदाव्या पानावर एकच ओळ होती, ‘प्रवासखर्च दिला जाईल.’ कधी, किती, सोबत्याचा धरून की सोडून, काही नाही. पावती मागतात. पहाटेचा रिक्षावाला कुठली पावती देणार? लॉज आणि खाडा तर धरतच नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत बुडालेली मजुरीसुद्धा भरून देता येते असं म्हटलंय. ते दाखवलं, तर ‘बजेटमध्ये नाही’ म्हणाले. पहिले पैसे 71 दिवसांनी खात्यावर आले. तोवर हिचे कानातले पतपेढीत गेले होते.

दिंडोरीकडची एक ताई आमच्यासोबत रांगेत असायची. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी लागली, नवऱ्याला रोजंदारी सोडून येणं जमेना. तिसऱ्या फेरीनंतर ती दिसलीच नाही. औषधाची गरज तिलाही तेवढीच होती. हे मला फार लागलं.

सहाव्या फेरीपासून कोऑर्डिनेटर मॅडमनी खटपट करून 1,000 रुपये त्याच दिवशी हातात द्यायला सुरुवात केली. त्यांचे आभार.

तुमच्या घरी असा फॉर्म आला तर सहीआधी विचारा: पैसे आगाऊ देता का, सोबत्याचे धरता का, मुक्काम आणि खाडा धरता का, पावती नसेल तर काय. आणि उत्तर लिहून घ्या. आम्हाला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.