जुना ईआर-४एस आणि नवा महागडा इयरफोन : प्रदीर्घ वापरानंतरचा अनुभव

पाच ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा आतला भाग), पारदर्शक रेझिनच्या सुबक कवचातला आणि तीस हजारांच्या पुढे किंमत मोजून घेतलेला माझा नवा इयरफोन सध्या कपाटात पडून आहे. त्याचे पाचही ड्रायव्हर बहुधा ठणठणीत असावेत. उजव्या बाजूच्या तोंडाशी असलेली, मसुराच्या डाळीएवढी जाळी तुंबली, इतकेच काय ते झाले. वॉरंटी संपून थोडे दिवस होतात न होतात तोच उजवीकडचा आवाज मंदावू लागला आणि गायक हळूहळू डावीकडे सरकू लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी भिंगातून पाहिले आणि सांगितले, ‘‘साहेब, कानातला मळ आत गेलाय. हे वॉरंटीत असतं तरी बसलं नसतं.’’ मग जाळी तेवढी बदलून द्या, असे म्हटले, तर ती गोंदाने पक्की बसवलेली असल्यामुळे निघत नाही, अख्खी उजवी बाजूच बदलावी लागेल आणि त्याला मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येईल, असे उत्तर मिळाले. कानात घालायच्या वस्तूत कानातला मळ जाणार, हे कंपनीला ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. चिकटवलेल्या जाळ्या इतरांकडेही आहेत, आणि मला एकट्या तिच्याशी भांडायचे नाही.

तेव्हापासून रोजच्या वापरात पुन्हा एटिमोटिकचा ईआर-४एस आला आहे. ज्यांना इयरफोनचा नाद आहे त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. शिकागोजवळच्या एल्क ग्रोव्ह व्हिलेज येथील ही कंपनी मीड किलियन यांनी १९८३ मध्ये स्थापन केली, आणि तिचे मूळ काम श्रवणयंत्रे व श्रवणचाचणीच्या उपकरणांचे. ईआर-४ ही मालिका १९९१ मध्ये आली. श्रवणयंत्रात वापरतात त्या जातीचा एकच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, सडपातळ काळी नळी आणि टोकाला तीन छत्र्यांची सिलिकॉनची टिप, एवढाच त्याचा संसार. २०१६ मध्ये ईआर४एसआर आणि ईआर४एक्सआर आल्यावर तो मागे पडला. माझी जोडी त्याच्याही आधीची आहे, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या हातून आलेली.

या इयरफोनबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याच्या नेमक्या, सरळ आवाजाचे कौतुक करतात. मला मात्र त्याच्या नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या हिरव्या फिल्टरबद्दल लिहायचे आहे. तो नुसता मळ अडवणारा पडदा नाही. ड्रायव्हर आणि नळी यांच्या अनुनादामुळे वरच्या स्वरपट्टीत जो उंचवटा येतो, तो हा फिल्टर दाबतो. म्हणजे आवाजाच्या घडणीतच त्याचा वाटा आहे. असे असूनही तो घरबसल्या बदलता येतो. डबीतच एक छोटे हत्यार दिलेले असते. सिलिकॉनची टिप काढायची, हत्याराचे मळसूत्री टोक फिल्टरमध्ये हलकेच फिरवून रुतवायचे आणि सरळ ओढायचे, की बोराच्या बीपेक्षाही लहान असा तो तुकडा बाहेर येतो. जुन्या फिल्टरच्या तोंडावर पिवळट तेलकट थर दिसतो. तो धुऊन पुन्हा बसवता येत नाही, ओढतानाच त्याची वाट लागते. नवा फिल्टर बोटाने दाबून बसवला, टिप चढवली, की तानपुऱ्याच्या जवारीची झणझण जिथून गेली होती तिथे परत येते. फिल्टर तुंबू लागला की सर्वांत आधी हीच झणझण विरते, आणि आपल्याला वाटते की ध्वनिमुद्रणच जुनाट आहे.

भाचा शिकागोकडे असतो. तो येताना व्हिटॅमिनच्या बाटल्यांबरोबर फिल्टरची पाकिटेही आणतो. पाकीट डॉलरमध्ये घेताना कंजूष माणसाला थोडे जड जाते, हे खरे. परंतु नव्या इयरफोनच्या एका बाजूसाठी मागितलेल्या रकमेत मला उरलेल्या आयुष्याचे फिल्टर येतील. केबलही अशीच, दोन पिनांवर ओढून निघणारी आणि बदलता येणारी.

नव्या इयरफोनच्या आवाजाबद्दल मात्र मला माझे मत वापराच्या मध्यावर बदलावे लागले, आणि ते इथे नोंदवणे न्यायाचे होईल. आरंभी त्याचा खर्ज मला भपकेबाज वाटत असे. आजकालचे पुष्कळसे इयरफोन हरमन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधनातून निघालेल्या, कोणता स्वर किती मोठा असावा हे सांगणाऱ्या आलेखाच्या आसपास जुळवलेले असतात, त्यात खालचे स्वर उचललेले असतात, आणि ईआर-४एसची सवय झालेल्या कानाला हा उचललेला भाग सुरुवातीला खटकतो. सोबत आलेल्या टिप बदलून मोठ्या मापाच्या बसवल्यावर आणि काही महिने त्याच्यासोबत काढल्यावर ध्यानात आले, की तबल्याच्या डग्ग्यावर तळव्याने दिलेली मींड तिथे अंगाला जाणवते. ईआर-४एसमध्ये तीच मींड ऐकू येते, तिचा स्वर अगदी स्पष्ट कळतो, पण तिला वजन येत नाही. रात्री घरी, शांत खोलीत, लांब खयाल ऐकायचा असेल तर आजही मी नवाच निवडीन. निवडला असता, असे म्हणावे लागेल, कारण त्याची उजवी बाजू मुकी झाली आहे.

लोकलच्या प्रवासात गणित उलटते. तीन छत्र्यांची टिप किंचित ओली करून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून नीट आत बसवली, की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३५ ते ४२ डेसिबलपर्यंत बाहेरचा गलबला अडतो. त्यासाठी बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि फोनमध्ये ॲप घालावे लागत नाही. बाहेरचे आवाज अडल्यामुळे संगीत चढवावे लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास एवढी मर्यादा सांगितली आहे. रोज दोन्ही वेळा लोकलने जाणाऱ्याने, आणि तेही गाड्यांच्या खडखडाटावर मात करीत ऐकणाऱ्याने, ती लक्षात ठेवलेली बरी. अर्थात इतके खोल काहीतरी कानात घालणे प्रत्येकाला सोसेलच असे नाही. माझ्या पत्नीने एकदा घालून पाहिला आणि ‘‘हा इयरफोन आहे की डॉक्टरकडची तपासणी?’’ असे विचारून परत केला. चालताना केबल सदऱ्यावर घासली की तिचा खरखराट थेट कानात येतो, सोबतची क्लिप लावल्याशिवाय तो थांबत नाही, आणि चणे खाताना तर स्वतःच्या जबड्याखेरीज काहीही ऐकू येत नाही. तो शंभर ओहमचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला जास्त अडथळा करणारा, असल्यामुळे कानात तेवढाच आवाज यायला फोनची पट्टीही वर न्यावी लागते. फोनला जॅक नाही, म्हणून मधे एक डोंगल, म्हणजे फोन आणि इयरफोन जोडणारा छोटा तुकडा, लोंबकळतो, आणि काही डोंगलवर आवाजाची पट्टी जवळजवळ शेवटापर्यंत न्यावी लागते. त्याच मालिकेतला २७ ओहमचा ईआर-४पी या बाबतीत अधिक सोयीचा. त्याला ७५ ओहमची जोडकेबल लावली की तो ‘एस’सारखा वागतो.

आता कोणी विचारील, की आज पाच-सहा हजारांत चिनी कंपन्या इतके सरळ, मोजमापात चोख बसणारे इयरफोन देत असताना ही जुनी वस्तू कशाला शोधायची. आवाजासाठीच शोधायची असेल तर शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एके काळी तीनशे डॉलरच्या आसपास मोजून जी अचूकता घ्यावी लागे, तिच्या बऱ्याच जवळ हे स्वस्त इयरफोन पोहोचतात. मात्र घेण्यापूर्वी त्यांचीही जाळी निघते की नाही, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे. काही स्वस्त इयरफोनांच्या डबीत सुट्या जाळ्या आणि चिमटा देतात, आणि माझ्या लेखी तेवढ्यासाठी हजार रुपये जास्त मोजायला हरकत नाही.

जुना ईआर-४एस कोणाकडून घेणारच असाल, तर विकणाऱ्यासमोर एकाच गायकाचे मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावावे. आवाज डोक्याच्या मधोमध आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर लगेच किमतीवर घासाघीस करू नये. सोबत नेलेला नवा फिल्टर त्या कमी वाजणाऱ्या बाजूला बसवून पुन्हा ऐकावे. तरीही झुकलेलाच राहिला, तर केबलची डावी-उजवी टोके अदलाबदल करून पाहावीत. झुकाव त्यांच्याबरोबर बाजू बदलत असेल तर दोष केबलचा, आणि ती नवी घेता येते. तो जागचा हलत नसेल तर ड्रायव्हर गेलेला आहे, तेव्हा व्यवहार तिथेच सोडून द्यावा.