मोजणी चोख, अहवाल ढिसाळ: बाहेरून करून घेतलेल्या एनएमआरचा अनुभव

आयसोक्झॅझोलिन वर्गातील तीन संयुगे एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजून रेणूची रचना ओळखण्याच्या पद्धतीने) रचनानिश्चिती करण्यासाठी बाहेरच्या एका विश्लेषण केंद्राकडे पाठवली होती. बेन्झाल्डॉक्झाइमपासून अभिक्रियापात्रातच नायट्राइल ऑक्साइड तयार करून ते स्टायरीनशी किंवा त्याच्या प्रतियोजित रूपाशी जोडले, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी असलेले हे पाच अणूंचे वलय मिळते. नायट्राइल ऑक्साइड एकदम जास्त साचले, तर ते स्वतःशीच जुळून फ्युरोक्झॅन हे नको असलेले उपउत्पादन बनते. म्हणून टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करून शुद्धता पाहण्याच्या चाचणीत) एकच ठिपका पाहिल्यावरच नमुने बंद केले.

आमच्या टेबलावरच्या 60 मेगाहर्ट्झच्या एनएमआर यंत्रावर हे काम भागत नाही. 3,5-डायफिनाइल आयसोक्झॅझोलिनमध्ये चौथ्या कार्बनवरील दोन हायड्रोजन 3.79 आणि 3.35 पीपीएमला (पीपीएम हे वर्णपटातील शिखराची जागा सांगणारे एकक) येतात; हे अंतर आमच्या यंत्रावर जेमतेम 26 हर्ट्झ भरते आणि त्यांचे परस्पर कपलिंगच (एकमेकांच्या प्रभावाने रेषा फुटण्याचे अंतर) 16.6 हर्ट्झ असल्याने रेषांचा गुंता होतो. केंद्राच्या 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रावर तेच अंतर सुमारे 176 हर्ट्झ झाले आणि दोन्ही हायड्रोजनांच्या चार-चार रेषा सुट्या दिसल्या. पाचव्या कार्बनवरील हायड्रोजन 5.74 पीपीएमला 11.0 आणि 8.3 हर्ट्झच्या कपलिंगसह नेमका उमटला. कार्बनच्या वर्णपटात 82.6 आणि 43 पीपीएमच्या आसपासची शिखरे मिळाल्यामुळे ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनवरच फिनाइल गट आहे, हेही ठरले. उलट समघटकात ऑक्सिजनशेजारी सीएच2 आला असता.

मोजणीबद्दल, थोडक्यात, तक्रार नाही. तक्रार आहे ती अहवालाबद्दल. सुगंधी भागाच्या (फिनाइल वलयांच्या) शिखरांचे क्षेत्रफळ, ज्यावरून हायड्रोजनांची संख्या कळते, दहाऐवजी अकरा हायड्रोजनांचे लावले होते, कारण 7.26 पीपीएमचे क्लोरोफॉर्म या विद्रावकाचे शिखर वगळण्याचे भान राहिले नव्हते. त्याहून गमतीचे म्हणजे 4.12, 2.05 आणि 1.26 पीपीएमच्या शिखरांवरून संयुगात ‘इथाइल एस्टर गट’ असल्याची नोंद केली होती. तो नमुन्यात उरलेला इथाइल ॲसिटेट होता. नमुना निर्वातात पुरेसा वाळवला नाही ही चूक माझीच, पण ही तीन शिखरे एकत्र दिसताच विद्रावकाची शंका यायला हवी होती.

तक्रार केल्यावर सुधारित अहवाल आला, तोही दोनदा आठवण करून दिल्यानंतर. पुन्हा वाळवून पाठवलेल्या नमुन्याच्या मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांची टक्केवारी 80.69, 5.87 आणि 6.27 या गणिती मूल्यांपासून 0.4 च्या आत राहिली. मूळ एफआयडी फाइल (यंत्राने नोंदवलेला, प्रक्रिया न केलेला संकेत) मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. पुढची संयुगे मी याच केंद्राकडे पाठवणार आहे, पण मागणीपत्रात अर्थ लावण्याचा रकाना रिकामा ठेवून एफआयडीची मागणी पहिल्याच ओळीत लिहिणार आहे.