'बॅटमॅन: इयर वन' घेताय? आधी कागद बघा

तोंडावर मुखवटा चढवून रात्री शहरात उतरणाऱ्या माणसाचं पहिलं वर्ष कसं गेलं असेल? या एका प्रश्नावर हे कॉमिक उभं आहे. 'बॅटमॅन' मासिकाच्या 404 ते 407 या चार अंकांत ते 1987 साली आलं. लेखन फ्रँक मिलरचं, चित्रं डेव्हिड माझुकेलीची, रंग रिचमंड लुईसचे आणि अक्षरं टॉड क्लाइनची. या चार अंकांचं एकत्र पुस्तक आज घरबसल्या मागवता येतं. घ्यावं का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ 'हो' आहे. पण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कागदांवरच्या आवृत्त्या बाजारात फिरतात, आणि चुकीची हाती आली तर अर्धं पुस्तक वाया जातं. म्हणून या परीक्षणात कथेइतकीच जागा कागदाला दिली आहे.

कथा 4 जानेवारीला सुरू होते आणि 3 डिसेंबरला संपते. मधला जवळजवळ प्रत्येक प्रसंग तारखेनिशी येतो, ठाण्यातल्या स्टेशन डायरीतल्या नोंदीसारखा. पहिल्याच दिवशी दोन माणसं गॉथम या काल्पनिक शहरात पोचतात. लेफ्टनंट जेम्स गॉर्डन रेल्वेने, आणि बारा वर्षं बाहेर काढून परतलेला पंचवीस वर्षांचा ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानाने. गॉर्डनची अवस्था आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. बदली होऊन नव्या गावी आलेला फौजदार, घरी गरोदर बायको, आणि ठाण्यात वरपासून खालपर्यंत हप्त्याची साखळी. त्याचा जोडीदार फ्लास पहिल्या दिवसापासून त्याला 'इथली रीत' शिकवू बघतो. गॉर्डन ऐकत नाही म्हटल्यावर तोंड झाकलेले सहकारीच त्याला बेसबॉलच्या बॅटींनी बडवतात. पुढे गॉर्डन फ्लासला एकट्याला रस्त्यात गाठतो आणि काय करतो, ती पानं वाचकाने स्वतःच वाचावीत. पुस्तकाच्या नावात बॅटमॅन असला तरी निम्म्याहून जास्त भार गॉर्डनच्या खांद्यावर आहे. ज्यांना फक्त केप आणि मारामारी हवी त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मुखवटेवाल्याची बाजू मात्र अशी लिहिली आहे की त्याच्या चुका मोजता येतात, आणि या पुस्तकाची खरी किंमत तिथेच आहे. 11 मार्चच्या रात्री ब्रूस पहिल्यांदा शहरात उतरतो तेव्हा मुखवटाच नसतो. चेहऱ्यावर खोटा व्रण, अंगात साधे कपडे. वेश्यावस्तीत तो एका दलालाशी भिडतो, मांडीत सुरा बसतो, मग पोलिसांची गोळी. बेड्या घातलेल्या अवस्थेत पोलिसांच्या गाडीतून सुटतो, पण गाडी उलटते आणि त्याच पोलिसांना ब्रूस स्वतः ओढून बाहेर काढतो. कसाबसा घरी पोचून वडिलांच्या पुतळ्यासमोर तो रक्त गळत बसतो. बारा वर्षांचं प्रशिक्षण, अंगात ताकद, खिशात पैसा, तरी गडी हरला. कारण तोही तिथेच शोधतो: त्याला पाहून कुणी घाबरलंच नाही. तेवढ्यात खिडकीची काच फोडून वटवाघूळ आत येतं. वटवाघळाचा वेश हे अनेक ठिकाणी निव्वळ शोभेचं सोंग होऊन बसतं. इथे तो एका फसलेल्या रात्रीवर काढलेला तोडगा आहे.

वेश चढवला म्हणून चुका थांबत नाहीत. 9 एप्रिलला तीन पोरं टीव्ही चोरताना सापडतात. बॅटमॅन इतका भीषण दिसतो की त्यातला एक घाबरून लोखंडी जिन्यावरून खालीच जातो. आता भीती कामी आली, पण पोरगं मरेल त्याचं काय? एका हाताने त्याला धरून ठेवायचं आणि बाकीचे दोघे वरून मारत असताना तो मार खायचा, असा तो प्रसंग आहे. पहिल्या वाचनात ही तीन-चार पानं पटकन उलटली जातात. दुसऱ्या वाचनात इथे थांबा आणि त्याचे पाय, हात, तोल कुठे आहेत ते एकेका चौकटीत बघा. माझुकेलीने शरीराचं वजन काढलं आहे. फुगवलेले दंड आणि चमकणारे स्नायू त्याच्या चित्रांत नाहीत.

मग शहरातल्या बड्यांच्या जेवणावळीत तो भिंत फोडून शिरतो आणि त्यांना तोंडावर इशारा देतो. हे पान फार गाजलं, पण त्याच्या आधीचं गणित जास्त महत्त्वाचं आहे. भुरट्या चोरांना तो ठोकत होता तोवर कमिशनर लोबला त्याची काहीच अडचण नव्हती. ज्या दिवशी तो हप्ता खाणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचला त्या दिवशी तो गुन्हेगार ठरला. तिसरं प्रकरण याचा परिणाम आहे आणि चारही प्रकरणांत सर्वोत्तम आहे. दुसऱ्याच्या शेवटी एका वृद्ध बाईला ट्रकखालून वाचवलं म्हणून तो पोलिसांच्या समोर येतो, गोळी खाऊन एका ओसाड इमारतीत शिरतो आणि वरून हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकला जातो. कमरेच्या पट्ट्यातली रसायनं पेट घेतात म्हणून पट्टाच फेकून द्यावा लागतो. हत्यारं गेली, पाय जखमी, बाहेर सशस्त्र तुकडी. तो सुटतो बुटाच्या टाचेत बसवलेल्या एका यंत्राने. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने ते त्याच्या घराखालच्या गुहेतली वटवाघळं बोलावतं. ही युक्ती 2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स' या सिनेमानेही उचलली. सिनेमात ती काही मिनिटांत आटोपते, कॉमिकमध्ये तिथवर पोचायला अख्खं प्रकरण घाम काढतं.

अक्षरांबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे अडखळायला होतं ते इथेच. गॉर्डनचे विचार सुट्या, तिरप्या हस्ताक्षरात आहेत. ब्रूसचे एकमेकांना जोडलेल्या इंग्रजी अक्षरांत (कर्सिव्ह), चाररेघी वहीत शिकवतात तशा. कोण बोलतंय हे कळायला दुसरी खूण फारशी दिलेली नाही. अक्षर बदललं की माणूस बदलला. मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला हे जोडलेलं अक्षर दोन-चार पानं जड जातं, मग सवय होते. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र ते फार त्रास देतं. ई-आवृत्ती घ्यायचीच असेल तर निदान दहा इंची टॅब हवा, नाहीतर प्रत्येक चौकट ताणून मोठी करण्यात कथेची लय मोडते.

आता कागद. 1987 चे मूळ अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापले होते आणि लुईसने रंगही त्या कागदाला झेपतील असे दिले होते. 1988 मध्ये एकत्र पुस्तक निघालं तेव्हा तिने सगळी पानं नव्याने रंगवली: मातकट, राखाडी, धुरकट पिवळे, दमलेल्या शहराचे रंग. 2005 ची पक्क्या बांधणीची आणि तिच्यावरून 2007 मध्ये आलेली मऊ बांधणीची 144 पानी आवृत्ती याच रंगांत, बिनचमकेच्या कागदावर आहे. तिच्या पुरवणीत माझुकेलीची कच्ची रेखाटनं, मिलरच्या संहितेची पानं आणि माझुकेलीने चित्रकथेच्याच रूपात लिहिलेलं मनोगत आहे. चित्र कसं बसवलं जातं हे शिकणाऱ्या मुलांना एवढ्यासाठीही पुस्तक घेऊन द्यावं. 2012 ची पक्क्या बांधणीची डीलक्स आवृत्ती चकचकीत कागदावर निघाली आणि रंग भडक झाले. स्वतः माझुकेलीने उघडपणे सांगितलं की ही आवृत्ती घेऊ नका. चित्रकाराने आपल्याच पुस्तकाबद्दल असं म्हणावं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र लागत नाही. कारण समजायला सोपं आहे. चकचकीत कागद शाई शोषत नाही. ती वरच राहते, म्हणून रंग उठून दिसतो. जाहिरातीच्या पत्रकाला ते शोभतं. ज्या कथेत नायकच अजून कच्चा आहे आणि शहर मळलेलं आहे, तिथे उठून दिसणारा रंग खोटा वाटतो. शिवाय ट्यूबलाइटखाली काळ्या भागावर पांढरा पट्टा उमटतो, आणि या पुस्तकात काळा भाग जागोजागी आहे.

2016 मध्ये पेटीबंद 'अ‍ॅब्सोल्यूट' आवृत्ती आली, दोन मोठ्या ग्रंथांची. एकात नंतरचे रंग, दुसऱ्यात मूळ अंकांची जशीच्या तशी प्रतिमा. अभ्यासकासाठी उत्तम. पण ती मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टेबल लागतं, आणि किंमत मऊ बांधणीच्या कितीतरी पट असते. पहिली प्रत म्हणून तिची गरज नाही.

मराठवाड्यात हे पुस्तक दुकानात चाळून घेणं अवघडच. औरंगपुऱ्यात काय किंवा लातूर-नांदेडच्या शिकवणी भागात काय, दुकानांची फळी शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरलेली असते. काही दुकानदार नाव आणि आवृत्ती लिहून दिली तर मागवून देतात. ऑनलाइन मागवताना मुखपृष्ठाच्या चित्रावर विसंबू नका, बऱ्याचदा एका आवृत्तीचं चित्र आणि दुसऱ्या आवृत्तीची प्रत असं होतं. विक्रेत्याला दोन फोटो मागा: मागच्या मुखपृष्ठावरच्या आयएसबीएनचा, म्हणजे आवृत्तीच्या ओळख क्रमांकाचा, आणि मधलं कुठलंही पान दिव्याखाली तिरपं धरून काढलेला. पानावर प्रकाशाचा पट्टा चमकला तर कागद चकचकीत आहे. जुनी प्रत घेत असाल तर हे दोन फोटो आल्याशिवाय पैसे देऊच नका.

पार्सल आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत चार गोष्टी तपासा. कणा सरळ आहे का. मधोमध उघडल्यावर डिंक तडकल्याचा आवाज येतो का. ब्रूसच्या जोडलेल्या अक्षरांच्या बारीक रेषा तुटक किंवा पसरट दिसतात का. आणि पानाच्या आतल्या बाजूची चौकट कण्यात गडप झाली आहे का. शेवटच्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर ती स्कॅनवरून छापलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी आहे. तालुक्याच्या गावी कुरिअर दोन-तीन हातांतून जातं आणि मऊ बांधणीचे कोपरे दुमडतात, म्हणून एकटं पुस्तक मागवण्यापेक्षा दुसऱ्या जाड पुस्तकासोबत मागवलेलं बरं.

जपणूक हवामानाप्रमाणे. कण्यातला डिंक उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत पुस्तक ठेवलं तर पानांचे गठ्ठे सुटू लागतात. खालच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब, उभं आणि शेजारच्या पुस्तकांचा आधार देऊन ठेवा. पावसाळ्यात बिनचमकेचा कागद ओल धरतो, पानांना लाट येते, पण वाळल्यावर बरीचशी बसते. चकचकीत पानं भिजली तर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईच निघते. म्हणजे इथेही साधा कागदच जास्त सोशीक. कसर आणि वाळवीसाठी लोखंडी कपाट हाच खात्रीचा उपाय. धान्यात टाकतात तसा वाळवलेला कडुनिंबाचा पाला कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येईल. ओला पाला नको, डाग पडतात.

उणिवाही आहेत. सेलिना काइल, म्हणजे पुढची कॅटवुमन, इथे सुरू होते आणि अर्धवट सुटते. तिचा धागा कापून टाकला तरी मुख्य कथेला धक्का लागत नाही, ही लेखनातली उणीवच. गॉर्डनची बायको बार्बरा घरात वाट पाहण्यापलीकडे फारशी वाढत नाही. गॉर्डनचं सहकारी सारा एसनवर मन जडतं तो भाग चांगला आहे, कारण हप्ता न घेणारा माणूस घरी खोटं बोलतो हे लेखक झाकत नाही. पण सारा स्वतः कोण, हे कळेपर्यंत ती निघून जाते. चौथं प्रकरण घाईत आटोपतं. पुलावरचा प्रसंग थरारक आहे, पण तिथे पोचेपर्यंत महिने भराभर उडतात. आणि लहान मुलांचं कॉमिक समजून हे शाळकरी पोराच्या हाती देऊ नये. वेश्यावस्ती आहे, अल्पवयीन मुलगी तिथे दाखवली आहे, मारहाण रक्ताळलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढे हरकत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या पिढीला मुखवटा ओळखीचा वाटेल, पण वेताळाला इतका मार क्वचितच बसायचा.

चार प्रकरणं दोन-अडीच तासांत वाचून होतात. वाचताना शेजारी कोरा कागद ठेवून तारखा लिहीत गेलात तर दोघांची वर्षं एकमेकांत कशी गुंफली आहेत ते दिसतं. पुस्तकात पेन्सिल लावू नका, बिनचमकेच्या कागदावरून खोडताना रंगही पुसट होतो. पुढे काय वाचावं, तर 1996-97 ची 'द लाँग हॅलोविन' ही तेरा अंकांची मालिका. तिथे याच गॉर्डनचा आणि इथल्या बड्यांपैकी माफिया फाल्कोनीच्या टोळीचा धागा पुढे जातो, आणि इथे टेबलामागे बॅटमॅनला लपवणाऱ्या सरकारी वकील हार्वी डेंटचं काय होतं तेही कळतं.