वर्गसमीकरणे सोडवणारा छोटा प्रोग्राम : शिकवणीतल्या वापरानंतरचा अनुभव

फोंड्यात दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेताना उत्तरे ताडून पाहण्यासाठी पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम मी गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहे. समीकरणाचे तीन सहगुणक (ए, बी, सी) विचारायचे, विवेचक (बी² − ४एसी) काढायचा आणि तो धन, शून्य की ऋण हे पाहून मुळे छापायची, एवढेच त्याचे काम. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही, ही पावसात वरचेवर नेट जाणाऱ्या आमच्या भागात मोठीच सोय आहे.

मुले स्वतः प्रोग्राम टाइप करतात तेव्हा घोटाळा हमखास होतो तो मुळांच्या सूत्राच्या छेदात, म्हणजे २ए मध्ये. ‘/ २ * ए’ असे कंसाविना लिहिले, की संगणक आधी दोनने भागतो आणि आलेल्या उत्तराला ‘ए’ने गुणतो. पहिला सहगुणक १ असेल तर उत्तर बरोबरच येत असल्यामुळे ही चूक कळतही नाही; २क्ष² − ७क्ष + ३ = ० दिले, की ३ आणि १/२ यांऐवजी १२ आणि २ अशी मुळे समोर येतात. म्हणून प्रोग्राम तपासायला मी नेहमी असेच समीकरण देतो.

खरी मेख मात्र दशांश अपूर्णांकांत आहे. क्ष² + ०.२क्ष + ०.०१ = ० हे (क्ष + ०.१)² चेच रूप असल्याने विवेचक शून्य यायला हवा, पण ०.२ ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमकी साठवता येत नाही, तिचा वर्ग ०.०४ पेक्षा किंचित जास्त भरतो आणि प्रोग्राम खुशाल ‘दोन भिन्न मुळे’ असे जाहीर करतो. सूत्रही बरोबर, कंसही बरोबर, तरी निष्कर्ष चुकीचा! उपाय सोपा आहे : समीकरणाला १०० ने गुणून १००क्ष² + २०क्ष + १ = ० असे पूर्णांक भरले, की ४०० वजा ४०० म्हणजे नेमके शून्य येते. हा नियम न पाळणाऱ्याने या प्रोग्रामवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विवेचक ऋण असताना ‘वास्तव मुळे नाहीत’ असे तो नीट सांगतो. क्ष² − २क्ष − १ = ० चे उत्तर मात्र १ ± √२ असे न देता २.४१४२… अशी दशांशांची माळ छापतो, जी उत्तरपत्रिकेत उपयोगाची नाही. त्यासाठी मी मुळांच्या आधी विवेचकही छापून घेतो. तिथे ८ दिसले, की √८ चे २√२ करून पुढची मांडणी मुलांनी वहीतच करायची.